स्टायपेंड उशिरा, भाडं वेळेवर: पीजीच्या काळात पैसे पुरवायचे कसे

पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, आले तेव्हा मला वाटायचं की पैसे पुरत नाहीत म्हणजे पैसे कमी आहेत, विषय संपला. मग दोन वर्षं हिशोब लिहिल्यावर कळलं की कमी तर आहेतच, त्यात वादच नाही, पण खरी बोंब वेगळीच आहे. पैसे येतात केव्हाही आणि जातात मात्र ठरल्या तारखेला. स्टायपेंड (विद्यावेतन) कुठल्यातरी सहीसाठी अडकतो आणि मग तीन महिन्यांचा एकदम येतो, घरमालकाला मात्र त्या सहीशी काही घेणंदेणं नसतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे बरोबरच आहे हो, पण इथे अंथरूणच दर महिन्याला वेगळ्या मापाचं मिळतं त्याचं काय? त्यामुळे खाली जे लिहितेय ते काटकसरीपेक्षा तारखांबद्दल जास्त आहे. बाहेरची कॉफी सोडा टाईप सल्ला द्यायला बाकी सगळं जग बसलंय.

आधी वर्षाचा कागद करा, महिन्याचा नंतर

एक शीट उघडा, बारा महिन्यांचे बारा कॉलम. वहीत केलं तरी चालेल, मी वहीतच करते कारण लॅपटॉप उघडला की भलतंच काहीतरी सुरू होतं. आता त्यात रोजचा खर्च अजिबात लिहायचा नाही. फक्त ते खर्च लिहा जे वर्षातून एकदोनदा येतात आणि आल्यावर कंबरडं मोडतात: सेमिस्टरची फी, परीक्षेची फी, रूमचं डिपॉझिट, फिल्डवर्कचा प्रवास, घरी जायचं तिकीट, चष्मा, दाताचं काहीतरी (दात बरोब्बर सबमिशनच्या महिन्यातच दुखतो), लॅपटॉपची बॅटरी, थीसिसचं प्रिंटिंग-बाइंडिंग, परदेशात असाल तर व्हिसाचं रिन्यूअल. या सगळ्याला आपण 'अचानक आलेला खर्च' म्हणतो आणि यातला एकही अचानक नसतो, फी भरायची तारीख तर पहिल्या दिवशीच माहीत असते.

सगळ्याची बेरीज करा आणि १२ ने भागा. समजा तुमची महिन्याची आवक १०० आहे आणि हे वर्षाचे दणके मिळून १२० होतात. म्हणजे दर महिन्याच्या १०० मधले १० आधीच गेलेले आहेत, ते तुमचे नाहीतच, तुमच्या हातात आहेत ९०. पैसे आले त्याच दिवशी हे १० दुसऱ्या खात्यात टाकायचे, आणि त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवायचं नाही की अॅप मोबाईलवर ठेवायचं नाही. आपल्यावर आपला विश्वास असतो पण रात्री साडेअकराला सेल लागलेला असताना नसतो.

त्याच शीटमध्ये आवकीच्या ओळीत स्टायपेंड ज्या महिन्याचा आहे त्या महिन्यात लिहू नका, जेव्हा खरंच खात्यात पडतो तेव्हा लिहा. सीनियर्सना विचारा की मागच्या वर्षी किती उशीर झाला होता. ऑफिसात विचारलं तर "होईल दोन-चार दिवसांत" असंच उत्तर येणार, खरा आकडा तिसऱ्या वर्षाच्या माणसाकडे असतो. जितका उशीर ते सांगतील तितक्या महिन्यांचं भाडं आणि जेवण एवढं शिल्लक करणं हे तुमचं पहिलं टार्गेट. सहा महिन्यांचा इमर्जन्सी फंड वगैरे पगारदार लोकांचं झालं, आपण आधी एक महिना जमवू, मग दोन.

तो ५०-३०-२० चा नियम पण असाच आहे, निम्मे गरजेला, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. ज्याचा पगार एक तारखेला येतो त्याला ठीक. आपलं नुसतं भाडंच कधीकधी निम्म्यावर जातं, तेव्हा तो नियम जमला नाही म्हणून जीवाला लावून घेऊ नका.

चार आठवड्यांचा घोळ

ही चूक मी दीड वर्ष केली. भाडं, बिलं, वरचे १० वगैरे सगळं काढून जे उरतं त्याला ४ ने भागायचं आणि म्हणायचं हा माझा आठवड्याचा खर्च. दर महिन्याला २९-३० तारखेला खिशात काही नाही, आणि मी समजायचे की मी उधळी आहे. मग एके दिवशी बसून मांडलं. महिन्याला ४ आठवडे धरले की वर्षाचे ४८ होतात, वर्षात असतात ५२! उरलेले चार आठवडे मी उपाशी राहणार होते की काय.

म्हणून महिन्याची रक्कम गुणिले १२ भागिले ५२. उरलेले ६० असतील तर चारने भागून १५ येतात, पण खरा आकडा १३.८५ आहे. फरक बघायला किरकोळ दिसतो, वर्षभराचा केला तर बरोबर ६० भरतो, म्हणजे एक अख्खा महिना हवेत.

आणि आठवडा सोमवारी सुरू करू नका, शुक्रवारी करा. सोमवारी केला तर शनिवार-रविवार शेवटी येतो, तेव्हा पैसे संपलेले असतात आणि नेमकं सगळे बाहेर निघालेले असतात, मग उधारी. शुक्रवारी सुरू केला की सुट्टीत जरा जास्त गेले तरी पुढचे चार दिवस लॅब-लायब्ररी-रूम एवढंच असतं, तिथे हात आवरता येतो. ही माझी पद्धत, तुमचं लॅबचं टाइमटेबल उलटं असेल तर तुम्ही उलटं करा.

खर्च लिहायचा का? पहिले दोन महिने एकूण एक लिहा, मोड सुद्धा. पैसे कुठे जातात ते एकदा दिसलं की रोज लिहायची गरज नाही, आठवड्याच्या रकमेतली बाकी बघितली तरी पुरे. मी जी लोकं वर्षानुवर्षं प्रत्येक रुपया-पैसा लिहिताना बघितली ती एकतर हिशोब या प्रकारावर प्रेम करणारी होती किंवा थीसिस टाळत होती.

भाडं, जेवण, प्रवास

बचत व्हायची तर या तीनच ठिकाणी होते, बाकी सगळं चिल्लर.

भाड्याच्या बाबतीत लोक लांबची स्वस्त रूम घेतात आणि खूश होतात. त्याआधी एक गणित करा. जाताना ५० मिनिटं जास्त, येताना ५० मिनिटं जास्त, दिवसाला १०० मिनिटं, महिन्याला २२ दिवस धरले तर २,२०० मिनिटं, म्हणजे जवळजवळ ३७ तास. कामाचा एक पूर्ण आठवडा दर महिन्याला रस्त्यात. वर तिकिटाचे पैसे, आणि उशीर झाला की बाहेर खाणं आलंच. हे सगळं धरूनही लांबची रूम स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्या, नुसत्या भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका. आणि रूम ताब्यात घ्याल त्या दिवशी, सामान लावायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा, नळाचा, गादीचा फोटो काढा आणि मालकाला मेसेज करून ठेवा. डाग तुम्ही पाडलेला नव्हता हे दोन वर्षांनी सिद्ध करायला दुसरं काहीही नसतं, आणि डिपॉझिट ही तुमची बहुतेक सगळ्यात मोठी बचत असते.

जेवणाचं म्हणाल तर प्रॉब्लेम स्वयंपाक येत नाही हा नसतोच. प्रॉब्लेम रात्री नऊ वाजताचा असतो, मशीन नीट चाललं नाही, गाईडने चॅप्टर लाल करून परत दिला, आणि तुम्ही किचनमध्ये उभे राहून ऑर्डरचं अॅप उघडता. सगळं बजेट तिथे मोडतं. म्हणून रोज काय करायचं याचा प्लॅन राहू दे, फक्त त्या नऊ वाजताच्या माणसासाठी काहीतरी तयार ठेवा. सुट्टीच्या दिवशी दोन पदार्थ जास्त करा, एकेका वेळेचे छोटे डबे भरा, अर्धे फ्रीजमध्ये अर्धे फ्रीझरमध्ये. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, फ्रीजमधलं तीन-चार दिवसांत संपवायचं, त्यापुढे लागणारं आधीच फ्रीझरमध्ये. डब्यावर तारीख लिहा, नाहीतर हा कधीचा आहे यावर रूममेटशी चर्चासत्र होतं. अन्न बिघडून पोट बिघडलं तर वाचवलेले सगळे औषधात जातात.

पेपर, पुस्तकं, सॉफ्टवेअर: इथे शक्यतो शून्य

यावर पैसे घालवणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण यातलं बहुतेक फुकट मिळतं आणि तेही सरळ मार्गाने.

पेपर, म्हणजे शोधनिबंध, हवा असेल आणि पब्लिशर पैसे मागत असेल तर थांबा. आधी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून लॉगिन करून बघा, घरून चालत नसेल तर रिमोट अॅक्सेस कसा घ्यायचा ते लायब्ररीत विचारा, अर्ध्या लोकांना ही सोय आहे हेच माहीत नसतं. मग ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन टाका, लेखकाने कुठे कायदेशीर फुकट प्रत ठेवली असेल तर ते शोधून देतं. फिजिक्स, मॅथ्स, कॉम्प्युटरवाल्यांसाठी तर अर्काइव्ह (arXiv) ही पेपर फुकट वाचायला देणारी साइट १९९१ पासून आहे. गूगल स्कॉलरवर पेपरच्या खाली 'सगळ्या आवृत्त्या' अशी लिंक असते ती पण बघत जा, बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या नंबरला पीडीएफ असते. तरी नाही मिळाला तर लेखकाला दोन ओळींचा मेल टाका. लोक लाजतात, पण आपला पेपर कुणीतरी वाचतंय म्हटल्यावर लेखकालाच आनंद होतो, मला आजवर बहुतेकांनी पाठवलाय. पुस्तक आपल्या लायब्ररीत नसेल तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवायची सोय असते, इंटरलायब्ररी लोन, त्याचा एक फॉर्म असतो, भरा.

सॉफ्टवेअरचंही तेच. रेफरन्स (संदर्भ) सांभाळायला झोटेरो फुकट आहे, फक्त त्यांच्या सर्व्हरवर फाइल ठेवायला ३०० एमबीच फुकट मिळतात, तेव्हा पीडीएफ आपल्याच हार्ड डिस्कवर ठेवायच्या आणि नुसता डेटा सिंक करायचा. स्टॅटिस्टिक्सला आर आहे, बटणं दाबून काम करायचं असेल तर जास्प किंवा पीएसपीपी आहे, मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या जागी बऱ्याचशा कामाला ऑक्टेव्ह चालतं, नकाशांना क्यूजीआयएस, लिहायला लिब्रेऑफिस किंवा लाटेक. पण विकत घ्यायच्या किंवा शिकायच्या आधी आयटी विभागात विचारा, कॅम्पस लायसन्स असेल तर ते तुमच्या फीतूनच भरलेलं आहे. क्रॅक केलेलं टाकू नका, नीतीचं एक वेळ बाजूला ठेवा, त्यातून व्हायरस आला आणि डेटा गेला की सहा महिन्यांचं काम पुन्हा आणि तितकं भाडंही पुन्हा.

पेपर छापण्यासाठी जर्नल पैसे मागत असेल तर स्वतःच्या खिशातून देऊ नका, हे जरा जोरात सांगतेय. आधी डीओएजे मध्ये बघा, ओपन अॅक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नल्सची ती डिरेक्टरी २००३ पासून चालू आहे, त्यात फी न घेणारी जर्नल्स वेगळी काढून बघता येतात. फी असलीच तर ती माफ करून मिळते का ते सबमिट करायच्या आधी विचारा, नंतर बऱ्याच ठिकाणी ऐकून घेत नाहीत. आणि "डिअर रिस्पेक्टेड स्कॉलर" म्हणून स्वतःहून मेल करून चार दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्यांना तर उत्तरच देऊ नका.

रिइम्बर्समेंट नावाचं बिनव्याजी कर्ज, जे तुम्ही देता

माझी पहिली कॉन्फरन्स. तिकीट, रजिस्ट्रेशन, राहणं, सगळं आधी मी भरलं, नंतर मिळणार होतं. मी आणि मैत्रिणीने रूम शेअर केली, बिल तिच्या नावावर निघालं, तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. परत येऊन फाइल दिली तर तीन आठवड्यांनी परत आली, बिलावर माझं नाव नाही. मैत्रिणीकडून लिहून आणलं, परत दिली. परत आली, प्रवासाचा ओरिजिनल पास जोडलेला नाही, तो मी उतरल्यावर कचऱ्यात टाकला होता. पैसे सातव्या महिन्यात आले, तोवर मी कार्डावर व्याज भरत होते, म्हणजे संस्थेला मी कर्ज दिलं आणि त्याचं व्याजही मीच भरलं.

त्यातून शिकलेलं इतकंच: जायच्या आधी अॅडव्हान्स मिळतो का ते लेखी विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतो पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. आयोजकांकडे स्टुडंट ट्रॅव्हल ग्रँट किंवा व्हॉलंटिअर झाल्यास फी माफ असं काही असतं, त्याची तारीख रजिस्ट्रेशनच्या तारखेच्या बरीच आधी असते. प्रत्येक बिल स्वतःच्या पूर्ण नावावर, जसं आयडीवर आहे तसं. प्रत्येक कागदाचा फोटो त्याच रात्री. आल्यावर पहिल्या आठवड्यात फाइल, दमलोय म्हणून पुढच्या महिन्यावर टाकलं की ती फाइल वर्षभर मागे लागते. आणि वर्षाच्या कागदात हा पैसा आवक म्हणून लिहायचाच नाही, आला तर बोनस.

हात आखडला तर कुणाकडे जायचं

क्रेडिट कार्ड हा शेवटचा दरवाजा आहे, पहिला नाही. महिन्याला ३ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण व्याजावर व्याज धरून वर्षाचे ते ४२ टक्क्यांच्या वर जातात. समजा १०,००० ची थकबाकी आहे आणि तुम्ही किमान रक्कम म्हणून ५ टक्के, म्हणजे ५०० भरले. त्यातले ३०० व्याजात गेले, कर्ज कमी झालं २०० ने. आणि बाकी थकली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत पण जाते, आज घेतलेल्या वस्तूवर आजपासून व्याज. हप्त्यांचं पण सांभाळून, एक हप्ता छोटाच असतो हो, पण चार वस्तूंचे चार छोटे हप्ते वेगवेगळ्या तारखांना आले की तो एक मोठाच होतो. घेतलाच तर त्याच दिवशी वर्षाच्या कागदात शेवटच्या महिन्यापर्यंत लिहून टाका.

कार्डाच्या आधी बरेच दरवाजे आहेत. कित्येक युनिव्हर्सिट्यांत अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी फंड असतो, स्टुडंट वेल्फेअरकडे विचारा, फी हप्त्यांत भरू देतात का तेही विचारा, पण तारीख उलटायच्या आधी, नंतर तोच माणूस तोच नियम वेगळ्या आवाजात सांगतो. गाईडला सांगायला लाज वाटते, मला पण वाटायची, पण अडकलेल्या स्टायपेंडसाठी तुमच्या चार अर्जांपेक्षा त्यांचा एक फोन जास्त चालतो. मित्राकडून हातउसने घेतले तर रक्कम आणि परत द्यायची तारीख मेसेजमध्ये लिहा, तुम्हीच लिहा, त्याने मागायची वाट बघू नका. पैशापेक्षा न बोललेल्या तारखेवरून मैत्री जास्त तुटते.

जोडकाम घ्यायचं तर खरा दर काढून घ्या. दोन तास शिकवणी, पण दीड तास जाणं-येणं आणि एक तास तयारी, म्हणजे साडेचार तास देऊन पैसे दोन तासांचे मिळतायत, दर निम्म्याहून कमी झाला. त्यापेक्षा कॅम्पसवरचं टीचिंग असिस्टंटचं, लायब्ररीतलं किंवा परीक्षेच्या ड्युटीचं काम दिसायला कमी पैशाचं असूनही परवडतं. फेलोशिपच्या अटींत दुसरं काम चालतं का, आणि व्हिसावर असाल तर आठवड्याला किती तास चालतात, हे आधी वाचा.

मित्रांना नाही कसं म्हणायचं हा एक वेगळाच छळ आहे. आमच्या लॅबमध्ये कुणाचं काही झालं की बाहेर जेवायला आणि बिल सरसकट भागायचं, मी सूप घेऊन बसले तरी वाटा सगळ्यांएवढाच. तीन-चारदा दात-ओठ खाऊन भरले. मग एकदा निघायच्या आधीच म्हटलं, मी येते पण मी माझं माझं देणार, या महिन्यात तंगी आहे. दोन सेकंद शांतता, आणि मग कोपऱ्यातला पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा) म्हणाला, "अगं मग आपण इथेच काहीतरी करू ना, मलाही नको होतं." त्याच्याकडे पण नव्हते! बिल आल्यावर बोललं की भांडण वाटतं, निघायच्या आधी बोललं की माहिती वाटते.

शेवटचे महिने

तो वर्षाचा कागद सबमिशनच्या महिन्यात संपवू नका, पुढे चार-सहा कॉलम अजून ओढा. स्टायपेंड कुठल्या तारखेला बंद होतो, सबमिशनला की व्हायवाला (तोंडी परीक्षेला) की मुदत संपली त्या दिवशी, हे लेखी विचारून ठेवा, कारण थीसिस दिल्यापासून पहिला पगार हातात पडेपर्यंतचा काळ सगळ्यात कोरडा असतो आणि नेमकं त्याच काळात प्रिंटिंग, रूम बदलणं, इंटरव्ह्यूचा प्रवास येतो. प्रिंट काढताना फायनल प्रत सोडून सगळं पाठपोट काढा, रंगीत पानं तेवढी वेगळी करून द्या. नो-ड्यूजचा, म्हणजे तुमच्याकडे काही बाकी नाही याचा, फॉर्म महिनाभर आधीच आणून एकेक सही घेत जा, संस्थेकडचं डिपॉझिट त्याच्याशिवाय सुटत नाही. माझ्या फॉर्मवर लायब्ररीची सही अडली होती, सिस्टिममध्ये एक पुस्तक अकरा महिने माझ्या नावावर, मी शपथेवर सांगत होते की परत केलंय. रूम रिकामी करताना गादी उचलली तर तिथेच होतं, मी सतरा नंबरच्या पानावर खूण घातलेली.